दुसरा साक्षीदार

नूता माझ्या शेजारची. इटलीतल्या सिएना शहराच्या उताराला, झऱ्याखाली आम्ही सगळी कातडी कमावणारी माणसं. आमच्या गल्लीवरून जाताना वरच्या वस्तीतले लोक नाक दाबायचे. तेराशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गाठीचा रोग आला आणि मग त्यांच्याही दारात तसाच वास सुटला.

नूताच्या जांघेत गाठ आली. तिच्या नवऱ्यानं, मेओनं, उशाशी पाण्याचा घडा ठेवला. "वैद्याला घेऊन येतो," म्हणाला. लहानग्या लेकीला, तेस्साला, कडेवर घेतलं, बाहेरून कुलूप घातलं आणि डोंगरातल्या भावाकडे निघून गेला. त्याला काय बोलणार? आया पोटच्या पोरांना टाकून पळत होत्या.

पण गाठ फुटली आणि नूता वाचली. खिडकीत येऊन हाका मारायला लागली. गल्ली अरुंद, म्हणून मी समोरच्या खिडकीतून काठीला टोपली अडकवून तिला भाकरी पोचवायची. माझी आई ओरडायची, "चेक्का, मरायची हौस आलीय का गं? तिचा रोग त्याच टोपलीतून इकडे येईल!"

अंगात त्राण आल्यावर मी तिच्या दाराचं कुलूप फोडलं आणि नूता डोंगरातल्या त्या गावी चालत गेली. वेशीवर दीर दाताळं घेऊन उभा.

"वहिनी, तिथंच थांब."

"तेस्सा कुठाय?"

"गेली. इथं आल्या आल्याच."

"आणि हे?"

"त्याला वाटलं, तूही गेलीस. तुझ्या नावानं प्रार्थनासुद्धा झाली. इथल्या एका विधवेशी लग्न लागलंय त्याचं. द्राक्षाचा मळा आहे तिचा." वर तो म्हणाला, "आता तू उगाच जिवंत होऊ नकोस."

ती परत आली ती थेट चर्चमध्ये. तिचं लग्न लावणारा पाद्री मेला होता, करार करणारा नोटरी मेला होता, तिचा भाऊ, मेओचा मामा, लग्नात जेवलेले माझ्याखेरीज सगळे मेले होते. नवा पाद्री मिसरूड फुटलेला. त्यानं मेओला बोलावून घेतलं.

"बोलणी झाली होती," मेओ म्हणाला, "लग्न नव्हतं."

"मग तेस्सा कोणाची रे?" नूतानं विचारलं.

"साक्षीदार दोन लागतात, बाई," पाद्री म्हणाला. मी पुढे झाले.

"ही एक झाली. दुसरा?"

"दुसरे तुमच्या मढ्यांच्या खड्ड्यात आहेत, बाबा," मी म्हणाले. "हाक मारून बघा."

निकाल मेओच्या बाजूनं लागला.

गडी माणसं उरली नव्हती, म्हणून कातडी भिजवायच्या कुंडावरच्या मालकानं नूताला कातडी खरवडायला ठेवून घेतलं. पंधरा वर्षांनी रोग परत आला. या खेपेला त्यानं लहान मुलंच जास्त नेली. मेओ तोवर वरच्या वस्तीत घर बांधून राहिला होता. एका सकाळी तो कुंडापाशी आला.

"नूता, पोराला गाठ आलीय. घरात पाऊल टाकायला कोणी तयार नाही. तुला एकदा होऊन गेलाय, तुला काही होणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेओ, लाज कुठं पुरून आलास? मळ्यात?"

नूतानं हात धुतले आणि त्याच्यामागून गेली.

पोरगं तिच्या मांडीवर गेलं. मेओनं तिला मागच्या दारानं बाहेर काढलं आणि गावभर सांगत सुटला, "मेलेली बाई घरात घेतली, तिनं पोरगं नेलं." लोकांना कोणावर तरी खापर फोडायचंच होतं. मालकानं तिला कामावरून काढलं. बायका तिला झऱ्यावर पाणी भरू देईनात.

मी तिला माझ्या घरी आणलं. एकदा शेंगा सोलताना न राहवून विचारलं, "गेलीस कशाला गं त्या मेल्याच्या दारात?"

तिनं सोललेले दाणे टोपलीत टाकले. मग म्हणाली, "तेस्साच्या कपाळावर शेवटी कोणी हात ठेवला होता का, मला कधीच कळलं नाही. कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

पुढं बऱ्याच वर्षांनी ती साध्या खोकल्यानं गेली. तेव्हा गावात रोग नव्हता, कोणाला कसलं भय नव्हतं. तरी तिला उचलायला माझ्या दोन मुलांखेरीज कोणी आलं नाही.