दीपमाळेपाशी एक जागा

माझ्या आईचं ठाम मत होतं की पिंपरी हे माणसांनी राहण्याचं ठिकाण नव्हे. तिनं पिंपरी पाहिली नव्हती, पण त्यानं काय बिघडतं! आमच्या कोकणातल्या वाडीतला एकजण पुण्याला येताना आगगाडीच्या खिडकीतून एकदा डोकावला होता आणि त्यानं घरी जाऊन सांगितलं होतं, "नुसता माळ. ना माड, ना माणूस." झालं! आईच्या दृष्टीनं विषय संपला.

वडील गेल्यापासून ती घरात एकटी होती. मी इथे औषधाच्या नव्या कारखान्यात चिकटलो होतो आणि पवनेकाठच्या एका गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. ती तिथे एकटी, मी इथे एकटा. तिला ताप आला तर मला कळणार पंधरा दिवसांनी. शेवटी मी ठरवलं, दिवाळीला जायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा. आई आली तर सोन्याहून पिवळं, नाही आली तर नोकरीला रामराम ठोकून गावी भात लावायचा. आणि नोकरी तर मला मनापासून आवडायची.

आईपुढे बोलून कोणाचंच काही चालत नसे. म्हणून मला फोटोची बुद्धी सुचली. गावात तेव्हा वीज नव्हती, चिमण्या आणि कंदील. पण दिवेलागणीनंतर माळावर जाऊन उभं राहिलं की समोर कारखाना असा उजळलेला दिसायचा की छाती फुगायची. हे एकदा आईला दाखवलं की ती काय बोलणार? प्रयोगशाळेतल्या एका सोबत्याकडे घडीचा कॅमेरा होता. "काही झालं तर तुझी चामडी सोलीन," असा आशीर्वाद देऊन त्यानं तो मला दिला.

अंधारातला फोटो म्हणजे उसनवारीचं काम. थोडाथोडा उजेड गोळा करावा लागतो. बटण दाबलं की टिक करून झडप उघडते आणि दाबून धरलं आहे तोवर उघडीच राहते. तेवढा वेळ कॅमेरा तसूभर हलता कामा नये. माझे घरमालक मोठे हौशी. चाकणला कांदे घेऊन जाणारी आपली बैलगाडी त्यांनी बैल सोडून माळावर उभी केली, वर बाजरीचं पोतं टाकलं आणि पोत्यात खळगा करून कॅमेरा बसवला. वेळ मोजायला अंधारात घड्याळ दिसेना, तेव्हा ते म्हणाले, "आरती म्हनतो राव. संपली की सोडा बटन."

"मनातल्या मनात म्हणा."

"मनात म्हनायला मला न्हाई येत."

मग त्यांनी टाळ्या वाजवत खड्या आवाजात आरती सुरू केली. तेवढ्यात शिफ्ट सुटली. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडला, कोणी पायी, कोणी सायकलवर, हसत, ओरडत. मी खूश! म्हटलं, बघू दे आईला, माणूस नाही म्हणते ना!

फोटो सुरेख आला. दिवे झगझगीत, रस्ता लख्ख. आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. चालता माणूस अशा फोटोत टिकतच नाही. थांबेल तोच उमटतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं, पण उत्साहाच्या भरात कुठलं आठवायला!

दिवाळीत आईनं तो फोटो दाराच्या उजेडात नेला, उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"काय रे मेल्या, एवढे दिवे आणि माणूस एक नाही?"

"अगं, शेकडो माणसं होती. चालत होती म्हणून दिसत नाहीत."

"म्हणजे होती आणि नाहीशी झाली?" आईनं फोटो चटका बसल्यासारखा खाली ठेवला. "अशा जागी तू राहतोस? ही भुताटकी आहे. तूच परत ये."

मी जितकं समजावलं तितकी ती घाबरत गेली. आता काय करणार, कपाळ! तुळशीचं लग्न झाल्यावर काय ते कळवतो, असं सांगून मी निघालो.

परत आल्यावर घरमालकीणबाईंनी माझ्या ताटातली अर्धी भाकरी पाहिली. त्यांना मी मावशी म्हणायचो. मावशींपुढे काही लपत नसे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आरं भाऊ, मग बसल्याली मानसं काढ की. त्रिपुरीला आमी समद्या बसतोच."

त्रिपुरी पौर्णिमेला गावातल्या देवळापुढची दीपमाळ लावायचे. तिच्याभोवतीच्या दगडी कट्ट्यावर बायका हातात दिवा घेऊन ओळीनं बसायच्या आणि आरती संपेपर्यंत जागचं हलायचं नाही असा रिवाज. प्रत्येक घराची जागा ठरलेली. सासूची जागा सुनेला मिळायची, दुसऱ्या कोणाला नाही. माझ्यासारख्या भाडेकऱ्याच्या घरच्यांनी तिथे बसायचा प्रश्नच नव्हता. मावशी बरोबर मधोमध बसायच्या आणि त्याचा त्यांना फार तोरा होता.

त्या संध्याकाळी पुन्हा बैलगाडी, पुन्हा पोतं. दीपमाळ पेटली, शेजारी गॅसबत्ती टांगली, मालकांनी आरती उचलली आणि मी बटण दाबलं. टिक. तो आवाज मावशींनी ऐकला. त्यांनी जन्मात एकच फोटो काढून घेतला होता, पुण्याला, लग्नानंतर. आणि तिथे टिक झालं की संपलं होतं. "झाला की फोटू!" असं म्हणत त्या उठल्या आणि दिवा घेऊन तरातरा देवळाशेजारच्या आपल्या घराकडे चालत्या झाल्या. चुलीवर दूध होतं म्हणे. बाकीच्या जणी आरती संपायची म्हणून दगडासारख्या बसल्या होत्या. मला हात सोडता येईना, ओरडावं तर आरती चाललेली. असा संताप आला म्हणता!

फोटोत सगळ्या बायका आल्या. चेहरे थोडे पुसट, पण हसरे. मधोमध मात्र एक जागा रिकामी आणि तिथून निघून घराच्या दारापर्यंत गेलेली, मावशींच्या दिव्यानं ओढलेली उजेडाची एक रेघ. दुसऱ्यांदा काढायला आता वर्षभर थांबावं लागणार होतं. गावाकडचा एकजण निघाला होता, त्याच्या हाती तो तसाच आईकडे पाठवला आणि राजीनामा कसा लिहायचा याचा विचार करत बसलो.

शिमगा झाल्यावर एका संध्याकाळी कामावरून आलो, तर अंगणात आई. त्याच गाववाल्याबरोबर आलेली, काखेत फणसपोळीचं गाठोडं, प्रवासानं चेहरा उतरलेला. मला रडू फुटलं, आणि ती मात्र मावशींना विचारत होती, "बाई, ती माझ्यासाठी ठेवलेली जागा कुठली हो? मुलानं फोटो पाठवला होता. दारापासून उजेडसुद्धा केलात. इतकं कोण कोणासाठी करतं? मग म्हटलं, जायलाच हवं."

मी मावशींकडे पाहिलं. त्यांना फोटो मी दाखवला होता, त्यावरून आमचं भांडणही झालं होतं.

"व्हय तर," त्या म्हणाल्या. "चला, दावते."

त्यांनी आईला हाताला धरून कट्ट्यापाशी नेलं, आपली जागा पदरानं पुसली आणि तिला तिथे बसवलं. स्वतः खाली पायरीवर टेकल्या.

पुढच्या त्रिपुरीला बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली. मावशींनी एकदाच मागं वळून पाहिलं आणि ती थांबली. त्या एका जागेत त्या आणि आई दाटीवाटीनं बसल्या. मी बैलगाडीवरून बजावलं, "मावशी, टिक झालं तरी उठायचं नाही हं!"

"तू काढ रे," आई म्हणाली. "हिचा पदर मी धरून ठेवलाय."