बुडीच्या हवेसाठी गिरणीची मोटर

मंडळी, आज दुपारी डॉक्टरांनी आमच्या ह्यांची छाती तपासली. "काळजी नको, आजी," म्हणाले. घरी येताना बहात्तर सालच्या आसपासचं आठवत राहिलं.

हे तेव्हा काष्टी गावाकडच्या विहिरींत बुडी मारून पडलेले पंप काढायचे. पाठीवरच्या सिलिंडरात हवा भरायला जुना कॉम्प्रेसर आणला होता. पण त्याच्या पेट्रोल इंजिनाचा धूर सिलिंडरात भरायच्या हवेत मिसळायचा. एकदा हे वर आले ते ओकतच.

मी म्हटलं, "आपल्या गिरणीची विजेची मोटर काढून ह्याला लावा."

"मग दळन?"

"जातं हाय की!"

त्यांनी मोटर बसवली. पुढच्या बुडीला मी काठावर उभी होते. हे वर आले आणि म्हणाले, "लई भूक लागलीय."

मी तिथंच भाकरीचं फडकं सोडलं.

तुम्ही कुणाची अशी वाट पाहिलीय?