नाल्यातला चिखल आणि चितळांचे पाय

बैलांचा सौदा आम्ही दुपट्ट्याखाली करतो. समोरच्याची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. शेजारी उभ्या माणसाला दर कळत नाही. दुसऱ्यांची गुरं हाकता हाकता मी हे शिकलो आणि स्वतःच्या गोठ्यापर्यंत पोचलो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या तीन बैलांना खुरकूत झाली. तोंडाला फेस, खुरांत फोड. अशा जनावराला आमच्याकडे नाल्याच्या चिखलात उभं करतात, म्हणजे पायांची आग कमी होते. बापानं तेच केलं होतं. मीही चार दिवस केलं. तो नाला पुढे जंगलातल्या पाणवठ्याला मिळतो, हे मला माहीत होतं. पण दावणीला बांधलेलं ते माझं जनावर. पलीकडचं कोणाचं का असेना.

त्यात वनरक्षकावर माझा राग होता. आदल्या वर्षी त्यानं चराईच्या वाटेवर खंदक खणून घेतला, मला एका शब्दानं न विचारता.

बाजाराच्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "दादा, पाणवठ्यावर चितळं लंगडून राह्यली. लाळ गळते. दोन पाडसं मेली."

"खंदक खणताना मले इचारलं होतं का?" माझा आवाज चढला. दोन गिऱ्हाइकं वळून पाहू लागली.

माझ्या गोठ्यात रोग आहे, एवढं तो मोठ्यानं बोलला असता तर माझा धंदा त्याच दिवशी बसला असता. तो बोलला नाही. त्यानं माझ्या दुपट्ट्याचं टोक आपल्या हातावर ओढलं, "आठवडे" एवढंच पुटपुटला आणि खाली माझी चार बोटं धरली.

चार आठवडे एकही जनावर नाल्यावर न्यायचं नाही, असा त्याचा सौदा होता. मी दोन बोटं दाबली. त्यानं चार. मी तीन. पुन्हा चार. इतकं अडून बसणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. शेवटी मीच हात सैल सोडला. विकायला आणलेली जोडीही परत नेली. नव्या मालकाच्या गोठ्यात रोग निघाला असता तर शिव्या मलाच पडल्या असत्या.

मग बोअरचं पाणी ड्रमनं गोठ्यात आणलं. ढोरांच्या डॉक्टरनं निरोगी जनावरांना लस टोचली. बैल सुधारले. चितळांना मात्र औषध लावता येत नव्हतं; धरलं तर ती भीतीनंच मरतात, असं वनरक्षक सांगायचा. नाल्यातून आणखी रोग खाली जाऊ न देणं, एवढंच हातात होतं. मी रोज सकाळी खंदकापाशी उभा राहून पलीकडे पाहायचो. बायको म्हणायची, सासरी गेलेल्या लेकीची इतकी वाट पाहिली नव्हती.

चार आठवडे झाल्यावर वनरक्षकानं मला पाणवठ्यावर नेलं. ऊन कलल्यावर कळप आला. मी फक्त पाय पाहत होतो. सगळी चितळं चारी खुरं टेकून चालत होती. एक मादी कशाला तरी बिचकली आणि एका उडीत नाला ओलांडून गेली. माझा जीव भांड्यात पडला.

परतताना मी खंदक बुजवायचा विषय काढलाच आणि दुपट्टा पुढे केला.

वनरक्षक हसला आणि त्यानं दोन्ही हात खिशात घातले.