मेंदीने गिरवलेल्या रेघा

मी कॅन्सरवर किरणोपचार करणारी डॉक्टर आहे, हे वाक्य हल्ली मी लिहिते आणि खोडते. एमबीबीएस पुण्यात झालं. पुढे शिकायला परदेशात गेले, तर तिथल्या लोकांनी इथलं शिक्षण अर्धंमुर्धं धरलं, परीक्षा घेतल्या, दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायला लावलं. आठ वर्षांनी तिथली तज्ज्ञ होऊन पौडला घरी आले, तर इथली वैद्यकीय परिषद म्हणाली, तिथलं शिक्षण आम्ही तपासू. मधल्या काळात माझी इथली जुनी नोंदणीही नूतनीकरणावाचून संपून गेली होती. म्हणजे तज्ज्ञ राहू द्या, कागदोपत्री मी साधी डॉक्टरही उरले नव्हते. तेलही गेलं, तूपही गेलं.

परिषदेला तिथल्या संस्थेचं पत्र हवं होतं, की हिच्याविरुद्ध तक्रार नाही. तेही तीन महिन्यांच्या आतलं. ते आलं तेव्हा अनुभवाचा दाखला कमी पडला, आणि दाखला येईपर्यंत पत्र शिळं झालं. मग पुन्हा पहिल्यापासून. कोणता कागद कोणाच्या आधी हवा, हे मी तीन जणांना विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं घेऊन आले.

अब्बांचं बाजारात खता-बियाण्यांचं दुकान आहे. लोक युरिया न्यायला येत आणि पिशवीतून रिपोर्ट काढून माझ्यापुढे धरत. मी म्हणायचे, मला अजून परवानगी नाही. लोकांना वाटायचं, पोरगी परदेशात जाऊन शहाणी झाली.

माले गावच्या एक काकू अब्बांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या रोज पुण्याला लाईट घ्यायला जात होत्या. किरणोपचारांना आमच्याकडे लाईटच म्हणतात. पंचवीसपैकी अकरा झाल्या होत्या. किरण नेमके कुठे पडावेत म्हणून छातीवर आणि कुशीला मार्करने रेघा आखतात आणि त्या पुसायच्या नसतात. पण दिवस भातलावणीचे. काकू हॉस्पिटलातून येऊन सुनेच्या मदतीला चिखलात उतरायच्या. घामापावसाने रेघा फिकट झाल्या, हॉस्पिटलात मशीन चालवणारी मुलगी ओरडली.

एका रविवारी दुपारी काकू घरी आल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. ब्लाउजची बटणं काढत म्हणाल्या, "बघ, तुझ्या आईनं कशा ठसठशीत केल्यात. आता चिखलात लोळले तरी जायच्या न्हाईत."

अम्मी पंचक्रोशीतल्या नवरीमुलींना मेंदी काढते, हिंदूंच्या आणि आमच्याही. आदल्या संध्याकाळी, मी लवळ्याला गेले असताना, तिने काकूंच्या सगळ्या रेघा मेंदीने गिरवल्या होत्या. रंग सुरेख चढला होता. फक्त डाव्या कुशीची रेघ मला नको तिथे दिसली.

अम्मीला विचारलं. ती सरळ म्हणाली, "एक खाली, एक वर व्हती. आखताना चुकली असंल म्हनून मी दोनी बाजू सारख्या केल्या."

नवरीचे दोन्ही हात सारखे दिसावेत, ही अम्मीची तीस वर्षांची सवय. पण ही रेघ दोन बोटं वर गेली होती, आणि सोमवारी त्या रेघेवर मशीन लागलं असतं तर किरण भलतीकडे पडले असते. आणि मशीनजवळची मुलगी ही चूक पकडेल की नाही, याची खात्री मला देता येईना.

"काकू, या रेघांवर लाईट घ्यायची नाही," मी म्हटलं. "उद्या गेल्या गेल्या सांगायचं, आधी पुन्हा आखून द्या."

"मंग तूच मार की नीट. तुझं शिक्षान त्येच हाय न्हवं?"

त्यांचं मोजमाप माझ्याजवळ नव्हतं, मशीन नव्हतं. परवानगी नाही, हे तर तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. सोमवारी मीच सोबत गेले. तंत्रज्ञ मुलीने विचारलं, तुम्ही कोण? मी शेजारीण म्हणून सांगितलं. तिने कॉम्प्युटरवरचं माप काढलं, पुन्हा स्कॅन घेतलं, रेघ खाली आणली. तासभर मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आठ वर्षं मी तसल्या दाराच्या आत उभी राहिले होते. मला फार राग आला, पण कोणाचा ते ठरेना.

घरी अम्मीने विचारलं, "माझ्या हातनं तिला काय झालं असतं का?" मी 'नाही' म्हटलं. तोही परवानगीशिवाय दिलेला सल्लाच धरायचा का, कोण जाणे.

काकूंच्या पंचविसाव्या लाईटनंतर परिषदेचा नवा फॉर्म आला. त्यात प्रश्न होता: नोंदणी नसलेल्या काळात आपण रुग्णास सल्ला दिला आहे काय? मी 'होय' वर खूण केली आणि खाली सगळं लिहिलं, मेंदीसकट.

परिषदेच्या खिडकीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. "मॅडम, सगळे 'नाही' लिहितात. हे असं दिलंत की फाईल समितीकडे जाणार, आणि समिती कधी बसते ते मलाही माहीत नाही." त्याने मला कोरा फॉर्म दिला.

तो आठवडाभर माझ्यापुढे आहे. 'नाही' लिहिलं की मी लवकर डॉक्टर होईन. पण मग त्या रविवारी काकूंना अडवणारी मी कोण होते, हे मला सांगता येत नाही.