चटईची बस

त्या बाईचं नाव मला आजही ठाऊक नाही. रोहण्याच्या आमच्या अंगणवाडीत त्या दिवशी ‘आपले मदतनीस’ शिकवायचे होते, म्हणून मी चटया ओळीनं अंथरून एसटी केली होती. खिडकीला सुतळीनं वाटी-चमचा बांधला, ती घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. चार वर्षांची कंडक्टर माझी पर्स खांद्याला अडकवून ‘पुढं व्हा, पुढं व्हा’ म्हणत सगळ्यांना दटावत होती.

तेवढ्यात समोरच्या रस्त्यावर खरीच एसटी पंक्चर झाली आणि तिची कंडक्टर खाकी गणवेशात पाणी प्यायला आत आली. पोरं हरखली. मी म्हटलं, “या न ताई, तुम्हीच व्हा कंडक्टर.”

तिनं हात जोडले. “नाई जी. मी तं रोज उभ्यानंच जातो. आज मले बसून जाऊ द्या.”

बूट काढून तिनं खिडकीजवळची चटई पकडली.

“कुठं जाचं?” पोरीनं चिंचेच्या पानाचं तिकीट पुढं करत विचारलं.

“दूर. लवकर उतरवू नोको, माय.”

दोन घंट्या झाल्या. पोरांनी घुर्रर्र केलं आणि त्या गोंगाटात ही बाई भिंतीला डोकं टेकून चक्क झोपली. तिकीट मात्र मुठीत घट्ट.

चाक बदलून ड्रायव्हर तिला बोलवायला आला, तर आमच्या कंडक्टरनं त्याला दारातच अडवलं.

“घंटी वाजल्याबिगर बस थांबत नाई.”

आयुष्यभर याच नियमानं गाडी हाकलेला तो माणूस निमूट उंबऱ्यावर टेकला.