ट्रायलोबाइट मी उघडला

बहात्तरच्या दुष्काळात मी भूमकडच्या आमच्या गावात दोन कामं केली. आधी खडी फोडली, मग आटलेल्या तलावातला गाळ काढला. ही कामं पुढं कॉलेजात उपयोगी पडतील असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला उन्हात फिरू नको म्हणून सांगितलं असतं.

पाच-सहा वर्षांनी मी जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात लागले, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून. आमचं घर बौद्ध. वडील मजुरी करत, पण त्यांनी मला मॅट्रिक केलं होतं, म्हणून हे काम मिळालं. जागा मात्र हंगामी. नवरा ढोकीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर, तोही हंगामी. ऊस संपला की घरी. दोघांपैकी एकानं कायम होणं भाग होतं. माझ्या कामाचा शेरा आमचे विभागप्रमुख सर मार्चअखेर लिहिणार होते आणि त्यावरच सगळं होतं.

त्या हिवाळ्यात सरांनी एका हौशी संग्राहकाकडून ट्रायलोबाइट मिळवला. हा समुद्राच्या तळाशी सरपटणारा, पाठीवर कवच असलेला प्राणी. पन्नास कोटी वर्षांपूर्वी गाळात पुरला गेला आणि गाळाबरोबर दगड झाला. दगड हिमालयातल्या स्पितीचा होता, करडा, पाठ्यपुस्तकाएवढा. प्राणी अजून आतच होता. एका कडेला कवचाची नखाएवढी तपकिरी रेघ तेवढी दिसत होती.

"हिमालयात समुद्र कुठला, सर?" मी विचारलं.

"होता. त्याचा तळच वर उचलला गेला."

"घ्या," आमचे शिपाईमामा म्हणाले. "तिथं डोंगरावर समुद्र, अन् इथं हंडाभर पानी न्हाय."

शनिवारी सरांनी मुलांना टेबलाभोवती उभं केलं, दगड आडवा ठेवला आणि हातोडा उचलला. त्यांचा सगळा जन्म आपल्या काळ्या दगडात गेलेला. विहीर खणताना या दगडाच्या पोकळीत पांढऱ्या गारा, म्हणजे स्फटिक, सापडतात, आणि त्या काढायच्या तर वरून घण घालतात. काळ्या दगडाला पदर नसतो, कुठूनही मारलं तरी चालतं. सरांनी अशा कितीतरी गारा काढल्या होत्या. हाही दगड तसाच फोडू, असं ते म्हणाले.

"सर, वरून मारू नका," मी म्हणाले.

मुलं हसली. मामा माझ्या कानाशी आले. "बाई, ही खडी न्हाय. तुमची जागा जाईल की यात."

"तुम्ही तेवढं पोतं भिजवून आणा, मामा."

सरांनी हातोडा खाली घेतला. "का मारू नको?"

मी सांगितलं. तलावात दर पावसाळ्यात गाळाचा एक थर बसतो. आम्ही गाळ काढला तेव्हा ते थर वाळून ढिगानं रचलेल्या भाकरीसारखे झाले होते. त्यात मेलेले मासे, शिंपले सापडायचे, ते कायम दोन थरांच्या मधे, आडवे. कुदळीनं वरून घातलं की सगळ्याचा भुगा. सांध्यात खुरपं सरकवलं की अख्खी ढलपी सुटायची आणि तिच्यावर मासा काट्यासकट. "हा समुद्रही आमच्या तलावासारखाच गाळ धरून बसला असणार. दगडाला पदर दिसतायत. रेघ ज्या पदरात आहे, तिथूनच तो सुटेल."

सरांनी दगड उचलून ती रेघ जवळून पाहिली. मग ते म्हणाले, "तुमच्या हातून मोडला तर?"

"तर शेऱ्यात तसं लिहा."

त्यांनी हातोडा माझ्याकडं दिला.

हादरा बसू नये म्हणून ओल्या पोत्यावर मी दगड उभा केला. पातळ छिन्नी रेघेच्या अंगाला, पदराच्या सांध्यात धरली आणि एका जागी दोनपेक्षा जास्त ठोके न घालता चारी बाजूंनी फिरले. खडीवर आम्ही आवाजावर चालायचो. दगड खणखण वाजतो तोवर तो बंद असतो, आवाज बद्द झाला की फट पडलेली असते. दुसऱ्या फेरीत एका कोपऱ्याचा टवका उडाला. मामांनी डोळे मिटले. मी थांबले नाही, कारण प्राणी त्या कोपऱ्यात नव्हता. चौथ्या फेरीत आवाज बदलला. छिन्नी ठेवली आणि बोटांनी दगड उघडला.

एका फाळीवर प्राणी होता. अंगठ्याएवढा, डोकं चंद्रकोरीसारखं, मधे कणा आणि दोन्ही बाजूंना बारीक आडव्या घड्या. एकही घडी तुटली नव्हती. दुसऱ्या फाळीवर त्याचाच खोलगट ठसा. मुलं हसायची थांबली होती.

"हा काय खायचा, बाई?" एका मुलीनं विचारलं.

"ते सरांना विचार. मला दगड कळतो."

शेरा सरांनी मार्चची वाट न बघता त्याच दुपारी लिहिला आणि मला वाचायला दिला: दगडाचे काम विभागप्रमुखापेक्षा चांगले जाणतात. मी म्हणाले, "सर, ते 'विभागप्रमुखापेक्षा' एवढं खोडा. वरच्यांना खपायचं नाही."

"खरं आहे ते," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

जूनमध्ये मी कायम झाले.