आढ्याजवळचे कवेलू

गावात माझ्याबद्दल अजून बरं बोलतात. तंट्यात दोन्ही बाजू ऐकून घेणारा माणूस, म्हणतात. मी मान खाली घालून पान चघळत बसतो. ज्या एका तंट्यात मी स्वतः फिर्यादी होतो त्याची खरी हकीकत त्यांना कळली, तर पारावर मला कोणी बसू देणार नाही. आणि ते बरोबरच होईल.

आमचं गाव भातकुलीकडचं. सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या रानातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. लढाई कुठली, कुणाची, याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. ती लवकर मिटू नये एवढीच आम्ही देवाला प्रार्थना करायचो, हेही आता लिहायला लाज वाटते. लोकांनी दागिने केले, बैलजोड्या बदलल्या. मी घर बांधलं. सगळी आळी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. माझं एकट्याचं उतरतं छप्पर आणि त्यावर कवेलू, म्हणजे भाजलेल्या मातीची कौलं. रस्त्यानं जाणारा माणूस मान वर करून बघायचा आणि मी ओसरीवर बसून त्याच्याकडे बघायचो.

छपराचा ठेका तिवशाच्या एका मिस्त्रीनं घेतला होता. माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा, किडकिडीत, कमी बोलणारा. कुंभाराकडून आलेला एकेक कवेलू तो बोटानं वाजवून बघे. खणकन वाजला तर घेई, बद्द वाजला तर बाजूला ठेवी. कवेलू एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला अरुंद असतो. खालची ओळ उताणी, तिचं रुंद तोंड वर. वरची ओळ पालथी, तिचं रुंद तोंड खाली. मग पाणी एकातून दुसऱ्यात उतरत थेट पागोळीला जातं. हे सगळं त्यानं मला समजावून सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. घरधन्यानं असल्या गोष्टी कशाला ऐकायच्या? कार्तिकात काम झालं. पावसाळा संपलेला, त्यामुळे छपराची परीक्षा काही झाली नाही.

पुढे कापूस घरात यायला लागला. शेजारी विकून मोकळे होत होते, मी मात्र भाव अजून चढेल म्हणून थांबलो. पौषात घर दारापर्यंत भरलं. आत पाय ठेवायला जागा नाही आणि रानातून गाड्या येतच होत्या. अंगणात ठेवावा तर चोरांचं आणि ठिणगीचं भय. शेवटी मी एक शहाणपण केलं. मागच्या बाजूनं, आळीला दिसणार नाही अशा बेतानं छपरावर चढलो, आढ्याजवळचे दोन ओळी कवेलू काढले आणि वरून कापूस आत ओतला. बायको आत उभी राहून तुडवत होती. फाल्गुनात कापूस विकला आणि कवेलू मी माझ्याच हातानं परत लावले. लांबून छान दिसत होते.

वैशाखात तिवशाचे पाहुणे आले, माझ्या धाकट्या बहिणीला बघायला. पंगत बसली आणि अवकाळी पावसानं असा तडाखा दिला की बोलायची सोय नाही. आधी एक थेंब नवऱ्या मुलाच्या चुलत्याच्या वरणात पडला. मग धारच लागली. पानं उचलून पाहुणे गोठ्यात गेले आणि बैलांशेजारी बसून जेवले. धाब्यातले शेजारी मुद्दाम डोकावून गेले. एकजण म्हणाला, "काहून पाटील, गंगा घरातच आणली काय?"

पहिला थेंब पडला तेव्हाच मला कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तोंडातून निघालं ते असं: "तो तिवशाचा मिस्त्री! लेकाच्यानं फसवलं मले!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. कोणी म्हणालं, वांदरं नाचली असतील छपरावर. तिथंच गप्प बसलो असतो तर सगळं वांदरांवर गेलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मी इतका ओरडलो होतो की आता मागं फिरणं जड झालं.

बायको आत म्हणाली, "अवो, ते कवेलू तं तुमीच काढले होते ना?"

"तू चूप राय," मी म्हणालो. त्या दिवसापासून ती ह्या विषयावर चूपच आहे.

मिस्त्री तेव्हा अकोल्याला होता. तिथल्या एका अडत्या शेटनं कापसाची मोठी गुदामं बांधायला काढली होती, त्यांचं छप्पर त्याच्याकडे होतं. मी दमणीला बैल जुंपले आणि दोन दिवसांची वाट तुडवून तडक गुदामावर गेलो. शेटला मी ओळखत होतो, माझा कापूस तोच घ्यायचा. मिस्त्री वर वाशांवर बसलेला. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी शेटला म्हणालो, "याच्या हातून गुदाम छावून घेऊन राहिले? तुमचा कापूस पोहाले लागन."

मिस्त्री खाली उतरला. रागावला नाही. हात पुसत म्हणाला, "गळाले नव्हतं पायजे, पाटील. मी येतो, पायतो. माझी चूक असन तं पुरं घर फुकट फेरून देतो, एकेक कवेलू काढून पुन्हा लावतो."

शेट व्यवहारी माणूस. मला म्हणाला, "पाटील, तुम्ही जाऊन पाहा, अन् चूक कोणाची ते तुमच्या हातानं लिहून पाठवा. मिस्त्रीची असली तर गुदामाला दुसरा माणूस बघतो. नसली तर हेच करतील."

म्हणजे त्या माणसाची पोळी माझ्या लेखणीच्या टोकाशी आली. मोडी लिहिण्यात माझा हात बरा, याचा मला त्या दिवसापर्यंत अभिमान होता.

परतीची वाट आम्ही एकाच दमणीत केली. ज्याची बदनामी केली त्याच्या शेजारी गुडघ्याला गुडघा लावून दोन दिवस. त्यानं फडक्यातली भाकर सोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. मी घेतली. सांगत होता, गुदामाचं काम दोन वर्षं पुरन, एवढं काम आमच्या घरात कोनाले भेटलं नाही, तिवशातले तीन गडी संगं आनले. मग आपणच म्हणाला, "वांदरं असतीन. नाईतर माझाच हात चुकला असन. मानूस हाय."

वाटेत एका गावात कुणाच्या तरी छपराचं आढं पार कललेलं दिसलं. मी सहज म्हणालो, असल्या घराचं छप्पर छावायला घेतलं तर वरूनच ओरडत असशील मालकाच्या नावानं. त्यानं कानाला हात लावला. "नाही, नाही. आढ्यावर बसून घराचं उणं बोलाचं नसते आमच्यात. घराले लागते ते. जे बोलाचं ते खाली उतरून, जमिनीवर पाय टेकून." मी हसलो. पण ते माझ्या ध्यानात राहिलं.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मी आळी जमली. त्यात आळीतले ते तीन शेजारीही होते, ज्यांनी माझं घर बघून ह्याच मिस्त्रीला पुढचं काम सांगून ठेवलं होतं. मिस्त्री वर चढला. पागोळीपासून एकेक ओळ हातानं चाचपत आढ्यापाशी गेला आणि थांबला. त्यानं एक कवेलू उचलला, बघितला. दुसरा उचलला. उताणे, पालथे, सगळे मी एकाच तोंडानं लावलेले. खाली वाशाच्या सांदीत पांढरा कापूस अडकलेला होता, तोही त्यानं बोटानं ओढून काढला आणि मुठीत धरला. मग तो आढ्यावर बसला आणि माझ्याकडे बघायला लागला.

बराच वेळ बसला होता. लोकांना वाटलं दमला असेल. मला माहीत होतं तो काय करतोय. त्याला तिथून बोलता येत नव्हतं. मला येत होतं. एक वाक्य पुरलं असतं: बाप्पा, हे माझ्या हातचं आहे. लोक हसले असते, चार दिवस पारावर चेष्टा झाली असती, बस. माझ्या जिभेवर ते आलंही होतं, असं मला वाटतं. मग त्या तिघांतल्या एकानं माझ्याकडे बघितलं आणि माझी मान ताठ झाली.

आणि मी ते केलं ज्यासाठी मला आजही आरशात बघवत नाही. तो खाली उतरायच्या आत, तो वर असतानाच, मी मोठ्यानं विचारलं, "बोल मिस्त्री, साऱ्याइसमोर सांग! घर गळते का नाही? काम बिघडलं हाय का नाही?"

तो आढ्यावरून म्हणाला, "फेरून देतो, पाटील."

"आइकलं?" मी लोकांकडे वळलो. लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्या लेखी कबुली झाली. ते तिघे तिथंच म्हणाले की आपलं काम आपण दुसऱ्याला देऊ. हळूहळू सगळे पांगले. तो उतरला तेव्हा अंगणात मीच तेवढा होतो. त्याचे पाय जमिनीला टेकले होते, आता तो बोलू शकत होता, पण ऐकायला कोणी नव्हतं. मूठ उघडून त्यानं कापूस ओसरीच्या कडेला ठेवला आणि पाणी मागितलं.

त्यानं दुसऱ्या दिवशी दोन ओळीच नव्हे, सगळं छप्पर फेरलं. बोललाच होता तसा. बायकोनं पुरणपोळ्या केल्या. तो जेवला आणि "वैनी, पोळी चांगली झाली" म्हणाला. मी त्याच्या पंगतीला बसलो नाही, डोकं दुखतं म्हणालो. आतल्या खोलीत बसून शेटला चिठ्ठी लिहिली. 'मिस्त्रीनं आळीसमोर छप्पर पाहिलं, फेरून द्यायचं कबूल केलं व फुकट फेरून दिलं. आता तक्रार नाही.' ती मी दोनदा वाचली. ह्यात खोटं अक्षर एकही नाही, अशी मी माझी समजूत घातली. शेट ते वाचून काय समजेल ते मला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच मी ते तसं लिहिलं होतं.

चिठ्ठी अकोल्याला न्यायला वेगळा माणूस कशाला पाठवायचा? तो तिकडेच चालला होता. सकाळी वेशीपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो आणि घडी केलेला कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं. कागद त्यानं उलटसुलट करून बघितला.

"लोकाईसमोर बोलनं अवघड जाते, पाटील," तो म्हणाला. "मले समजते. म्हनून मीबी मंग खाली उतरून काई बोललो नाही. कागदावर सोपं पडते. बराबर लिवलं ना?"

"हो," मी म्हणालो. "बराबर लिवलं."

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. कागद कपाळाला लावून त्यानं मुंडाशात खोवला, मला रामराम केला आणि अकोल्याच्या वाटेला लागला.